शनिवारी व्याख्यान, रविवारी चिखल

ठाण्यातील नौपाडा भागात विज्ञान आणि निसर्ग यांची आवड असलेल्या मंडळींचे एक लहानसे मंडळ आहे. ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत दर महिन्याच्या एका शनिवारी संध्याकाळी व्याख्यान आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच विषयाला धरून भटकंती, असा जोड कार्यक्रम हे मंडळ चालवते. व्याख्यानाला प्रवेश विनामूल्य असतो. भटकंतीसाठी ठिकाणानुसार २०० ते ६०० रुपये वर्गणी घेतली जाते आणि तिच्यात बस, नाश्ता व प्रवेशशुल्क धरलेले असते. गेल्या हंगामात मी आठांपैकी सहा जोड्या पूर्ण केल्या, एकदा नुसते व्याख्यान ऐकले आणि एकदा ताप आल्यामुळे घरीच बसलो. मंडळाचे नाव येथे देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही लिहायच्या आहेत. ठाण्यात चौकशी करणाऱ्याला ते सापडण्यास अडचण पडणार नाही.

महानगरात अशा कार्यक्रमांची वाण नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. १८८३ साली स्थापन झालेली बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) निसर्गभ्रमंत्या काढते. १९६६ पासून काम करणाऱ्या मराठी विज्ञान परिषदेचे विज्ञान भवन चुनाभट्टीला आहे. वरळीचे नेहरू तारांगण १९७७ पासून उभे आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने २००९ मध्ये सुरू केलेल्या ‘चाय अँड व्हाय’ या उपक्रमात शास्त्रज्ञ चहाच्या कपाबरोबर सामान्य माणसांशी बोलतात आणि कोणताही प्रश्न खुळा मानला जात नाही. परंतु ठाण्याहून जुहू किंवा वरळी गाठायचे म्हणजे रविवारचा अर्धा दिवस लोकलमध्ये जातो, आणि दुसरे असे की व्याख्यान एकीकडे नि भटकंती दुसरीकडे राहते. शनिवारी जे ऐकले ते रविवारी डोळ्यांनी पडताळून पाहायचे, ही या मंडळाची कल्पना साधी आहे, पण मला तरी तीच सर्वांत मोलाची वाटली. जेथे ही जोड नीट जमली तेथे वर्गणीचा रुपया न् रुपया वसूल झाला. जेथे ती तुटली तेथे सहल म्हणजे केवळ बसमधील गाण्याच्या भेंड्या उरल्या.

जोड सर्वांत चांगली जमली ती फेब्रुवारीत, ठाणे खाडीच्या कार्यक्रमाला. शनिवारचे व्याख्यान रोहित पक्ष्यांवर, म्हणजे फ्लेमिंगोंवर असेल, अशा समजुतीने सभागृह भरले होते. व्याख्याते भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक निघाले आणि त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “पाऊणकी कोणाकोणाला येते?” साठी ओलांडलेल्या दहाबारा जणांचे हात वर गेले, त्यांत माझाही होता. पावकी-निमकीबरोबर शाळेत घोकलेला हा पाढा पुढे आयुष्यात उपयोगी पडेल, असे मला कधी वाटले नव्हते. आपल्या किनाऱ्यावरील कोळी बांधव तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात, असे प्राध्यापकांनी सांगितले. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, आणि पौर्णिमा किंवा अमावास्या उलटली की पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे. मग त्यांनी फळ्यावर त्यामागचे गणित मांडले. एका तिथीत चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकतो; ३६० अंशांना २४ तास, तर १२ अंशांना ४८ मिनिटे; म्हणून भरती दर तिथीला सुमारे तेवढी लांबते. पाऊण तास म्हणजे मात्र ४५ मिनिटे. तिथीमागे राहणारी ही तीन मिनिटांची तूट साचत साचत पंधराव्या तिथीला बरोबर पाऊण तासाची होते, आणि म्हणूनच पौर्णिमेला पाढा सव्वाअकरा सांगतो, तर समुद्र बाराच्या सुमारास भरतो. “मग नियम चुकला का?” असे एका मुलाने विचारले. होडी पाण्यात लोटण्यापुरता तो बरोबर आहे आणि ग्रहणाचे गणित करण्यापुरता चुकीचा आहे, हे त्यांचे उत्तर मला फार आवडले.

हा सारा खटाटोप कशासाठी होता, ते रविवारी ऐरोलीला कळले. ठाणे खाडीचा सुमारे १७ चौरस किलोमीटरचा पट्टा २०१५ मध्ये रोहित पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. वन विभागाच्या कांदळवन कक्षाच्या ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून पक्षी पाहण्यासाठी बोटी सुटतात आणि त्यांच्या वेळा घड्याळावर नव्हे, तर भरती-ओहोटीवर ठरतात. पाणी पार उतरले तर बोट गाळात रुतते. पाणी पूर्ण चढले तर पक्ष्यांचा चरण्याचा चिखलच झाकला जातो आणि थवे उठून पाणथळ जागी विसाव्याला जातात. म्हणजे पाहण्याजोगा काळ या दोहोंच्या मधला. त्या दिवशी षष्ठी होती. सहा पाऊण साडेचार. तेव्हा पहाटे साडेचारला भरती, साडेदहाला ओहोटी, आणि खाडीच्या आतल्या टोकाला पाणी पोहोचायला नि परतायला वेळ लागत असल्यामुळे त्यात थोडी भर. आमची बोट साडेसातला सुटली तेव्हा पाणी निम्मे उतरले होते. आमच्यातील एका शाळकरी मुलीने बोटीवरच्या वयस्क कोळी माणसाला, “काका, आज सुकती किती वाजता?” असे मोठ्या ऐटीत विचारले. सुकती म्हणजे ओहोटी. त्यांनी आकाशाकडे पाहिले नाही की मोबाइलकडे, काठच्या तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या झाडांच्या बुंध्यांवर ओल्या चिखलाची रेघ कोठवर आली आहे ते पाहिले आणि म्हणाले, “अकराला.” मुलीने वहीत साडेदहा खोडून अकरा लिहिले.

बोट निघण्यापूर्वी मंडळाच्या मार्गदर्शक बाईंनी आम्हाला अर्धा तास काठावरच थांबवून ठेवले, आणि मला विचाराल तर पूर्ण हंगामातील सर्वोत्तम अर्धा तास तोच होता. प्रत्येकाच्या हाती एकेक भिंग देऊन त्यांनी तिवराचे एक पान उलटसुलट बघायला सांगितले. वरची बाजू हिरवी आणि चकचकीत, खालची राखाडी. एवढे कोणालाही दिसते. भिंगातून पाहिल्यावर पानावर साखरेची पूड भुरभुरावी तसे पांढरे कण दिसू लागले. ते मीठ होते. तिवर खारे पाणी मुळांवाटे घेते, त्यातील बरेचसे मीठ मुळांतच अडवते आणि जे आत येते ते पानांवरील सूक्ष्म ग्रंथींमधून बाहेर टाकते. बाईंनी बोटाच्या टोकावर कण घेऊन जिभेला लावला, आम्हीही लावला, आणि पंचावन्न वर्षे खाडीच्या शेजारी राहून मी हे पहिल्यांदाच चाखत होतो. चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली तिवराची श्वसनमुळे, त्यांच्यामधून उड्या मारणाऱ्या निवट्या (चिखलात वावरणारे लहान मासे), एकच नांगी मोठी असलेला आणि ती हलवून जणू कोणाला बोलावणारा खेकडा, हे सारे त्याच अर्ध्या तासात दिसले. महाराष्ट्राने २०२० मध्ये राज्य कांदळवृक्ष म्हणून निवडलेली पांढरी चिप्पी मात्र तेथे नुसती ओझरती सांगितली गेली. ती दाखवली असती तर बरे झाले असते.

रोहितांविषयी लिहिण्याजोगे पुष्कळ आहे, पण छायाचित्रे सर्वांनी पाहिलेलीच आहेत. प्रत्यक्षात पाहताना माझ्या लक्षात राहिला तो त्यांचा आवाज: हजारो पक्षी एकाच वेळी चरताना होणारी एक प्रकारची कुजबुज, दूरवर एखाद्या मंगल कार्यालयात पंगत बसल्यासारखी. लहान रोहित या जातीचा पक्षी मान खाली घालून चोच उलटी धरतो, जीभ दट्ट्यासारखी मागेपुढे करून पाणी आत-बाहेर खेळवतो आणि चोचीच्या कडेच्या बारीक झालरीत नीलहरित शैवाल गाळून घेतो. मोठ्या रोहिताची चाळण जाड, म्हणून त्याच्या वाट्याला कोळंबीच्या जातीचे बारीक जीव, अळ्या आणि शिंपले. एकाच खाडीत दोघांचे पान वेगवेगळे वाढलेले असते. शैवालातील रंगद्रव्यांमुळे पंखांना गुलाबी रंग येतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण ते शैवाल इतके माजते त्याला आपल्या वस्त्यांच्या सांडपाण्यातून येणारी नत्र-स्फुरदाची रसद कारण होते, हे मार्गदर्शक बाईंनी मुलुंडच्या बाजूच्या इमारतींकडे बोट दाखवून सांगितले, तेव्हा बोटीत क्षणभर कोणी फोटो काढला नाही.

या मंडळाची आणखी एक पद्धत मला मनापासून आवडते. प्रत्येक व्याख्यानाची पहिली दहा मिनिटे ‘मागील पानावरून’ या नावाने राखून ठेवलेली असतात आणि गेल्या महिन्यात जो प्रश्न राहिला किंवा ज्याचे उत्तर चुकले, त्याची भरपाई तेथे होते. बोटीवर कोणीतरी विचारले होते की, रोहित एका पायावर का उभा राहतो. अंगातील उष्णता पाण्यातून निघून जाऊ नये म्हणून, असे उत्तर तेव्हा मिळाले. मार्चच्या शनिवारी त्याच बाईंनी उभ्या राहून सांगितले की, ते उत्तर अर्धेच होते. २०१७ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, एका पायावर उभे राहताना रोहिताचे सांधे आपोआप अशा स्थितीत बसतात की स्नायूंना जवळजवळ काही करावेच लागत नाही, इतके की मृत पक्ष्याचे शरीरही एका पायावर तोलून धरता आले, दोन पायांवर मात्र आले नाही. आपले चुकले हे शंभर माणसांपुढे सांगणारा वक्ता मी व्याख्यानमालांच्या इतक्या वर्षांत क्वचितच पाहिला आहे.

ऑक्टोबरचा कार्यक्रम घोडबंदर रस्त्यावरील ओवळेकर वाडीतील फुलपाखरांचा होता. पावसाळा सरल्यानंतरचे हे दिवस त्यासाठी उत्तम, आणि वाडी स्वतःच इतकी छान जोपासलेली आहे की मार्गदर्शक नसता तरी सकाळ वाया गेली नसती. शनिवारी सांगितलेले एक वाक्य तेथे समोर उभे राहिले: फुलपाखराला बोलवायचे असेल तर फुले लावून पुरत नाही, त्याच्या अळीला हवे ते झाड लावावे लागते. कढीपत्ता आणि लिंबू ही एकाची, रुई दुसऱ्याची, पानफुटी तिसऱ्याची. सर्वांत नवल वाटले ते खुळखुळा नावाच्या झुडपाच्या वाळक्या फांदीपाशी. हिरवे सोडून या सुकलेल्या काडीवर निळसर पट्ट्यांची फुलपाखरे एकमेकांना ढकलत चिकटली होती, आणि ती बहुतेक नर होती. मादीला आकर्षून घेणारा गंध तयार करण्यासाठी लागणारी रसायने ते त्या वाळक्या भागातून शोषून घेतात. राज्य फुलपाखरू असलेले नीलवंत एकदाच, झाडांच्या वरून, घाईत असलेल्या पाहुण्यासारखे येऊन गेले. माझ्या खिडकीतील कढीपत्त्यावर अळी दिसली की मी पूर्वी ती काढून टाकत असे, आता सौ.च्या नाराजीला तोंड देऊन ती राहू देतो.

येऊरच्या बाबतीत तुलना करण्याची संधी मला आयतीच मिळाली, कारण मागच्या जूनमध्ये मी एका व्यावसायिक सहल कंपनीबरोबर तेथे गेलो होतो. साठ माणसे, गळ्यात शिट्टी अडकवलेले दोन तरुण आणि पक्ष्यांच्या नावांची छापील यादी, ज्यावर खुणा करत पुढे पळायचे. नवरंग दिसावा म्हणून त्यांच्यापैकी एकाने लहान स्पीकरवर त्याच पक्ष्याचा आवाज पुन्हा पुन्हा वाजवला. नवरंगाचा तो विणीचा काळ. आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असे समजून बिचारा घरटे सोडून धावत येतो. तो आला, फोटो निघाले, टाळ्याही पडल्या. मला अपराधी वाटले आणि मी त्या कंपनीबरोबर पुन्हा गेलो नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या याच ठाणेकडील अंगाला या मंडळाने जानेवारीच्या अखेरीस नेले तेव्हा आम्ही पंचवीस जण होतो आणि तीन तासांत जेमतेम दीड किलोमीटर चाललो. त्यातील पाऊण तास तर एका काटेसावरीखाली गेला. पाने गळालेल्या त्या झाडाला लाल फुलांचा बहर होता आणि कोतवाल, बुलबुल, शिंजीर, पळसमैना असे एकामागून एक पंक्तीला येत होते. कोण मध पितो, कोण मधाला आलेले किडे टिपतो आणि कोणाच्या कपाळाला पराग लागून पुढच्या झाडावर जातो, एवढेच आम्ही मोजले. आठ वर्षांनी एकदा फुलणारी कारवी २०२४ मध्ये या डोंगरात फुलून गेली होती. तिच्या वाळलेल्या काड्या आणि खाली उगवलेली रोपे दाखवून, पुढचा बहर २०३२ मध्ये अपेक्षित आहे, तेव्हा कोण कोण येणार, असे विचारल्यावर आमच्यातील वयोवृद्ध सभासदांनी सर्वांत आधी हात वर केले.

मे महिन्याचा कार्यक्रम सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आटोपशीर होता. १६ मे रोजी सूर्य ठाण्याच्या बरोबर माथ्यावर येतो. एका इमारतीच्या गच्चीवर नळाचा एक उभा तुकडा, ओळंबा आणि खडू एवढ्याच सामग्रीवर भर दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास नळाची सावली नाहीशी होताना आम्ही पाहिली. खरी गंमत नंतरच्या प्रश्नात होती. त्या दिवसापर्यंत दुपारची सावली उत्तरेला पडते, पुढे जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत ती दक्षिणेला पडते आणि मग पुन्हा उत्तरेला. हे आपल्या गॅलरीतील ऊन बघून कोणी ताडले होते का? कोणीही नव्हते.

आता तक्रारी. पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार सभागृहाची. ते दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, आणि श्रोत्यांपैकी निम्म्यांचे गुडघे बोलू लागलेले आहेत. ध्वनिवर्धक प्रत्येक वेळी सुरुवातीची पाच मिनिटे शिट्टी वाजवतो. व्याख्यान सहाचे म्हणून जाहीर होते, परंतु दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, शाल, श्रीफळ आणि परिचय करून देणाऱ्यांचाही परिचय यांत साडेसहा वाजतात. आभारप्रदर्शनाबद्दल तर मी लिहीतच नाही. वक्ते मराठीत उत्तम बोलतात, पण पडद्यावरच्या चित्रांवरील अक्षरे सरसकट इंग्रजीत असतात. समोर बसलेल्या आजींनी एकदा शेजारच्या मुलाला, “बाळा, तिथे काय लिहिलंय रे?” असे सतत विचारून शेवटी चष्माच काढून ठेवला. तिवर, निवटी, सुकती, भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) हे शब्द ज्यांच्या तोंडी आहेत त्यांच्यासाठीच हे कार्यक्रम असतील, तर ते शब्द पडद्यावरही यायला हवेत.

डिसेंबरची खारघरच्या टेकड्यांवरील आकाशदर्शनाची सहल फसली, आणि दोष केवळ ढगांचा नव्हता. शनिवारचे व्याख्यान हिमालयातील हवामानावर झाले होते, कारण ठरलेले वक्ते ऐनवेळी येऊ शकले नाहीत. साहजिकच रात्री दुर्बिणीपाशी उभ्या असलेल्या माणसाला काय पाहायचे याची कल्पना नव्हती. एकच दुर्बीण, चाळीस माणसे, आणि गुरू ढगाआडून बाहेर आला की धक्काबुक्की. माझी पाळी आली तेव्हा एक फिकट ठिपका दिसला, तो गुरू असावा. शिवाय त्या मुक्कामी स्त्रियांसाठी स्वच्छतागृहाची कोणतीही सोय केलेली नव्हती. ही गोष्ट लेखी कळवल्यावर पुढच्या दोन सहलींत सुधारणा झाली, हेही नोंदवतो. भटकंतीची नोंदणी व्हॉट्सॲपवर होते आणि पंधरा मिनिटांत भरते, त्यामुळे ज्यांची मुले नोकरीनिमित्त लांब आहेत अशा ज्येष्ठांची नावे नेहमी प्रतीक्षायादीत राहतात. व्याख्यानाच्या वेळी प्रत्यक्ष नाव देणाऱ्यांसाठी निदान पाच जागा राखाव्यात, अशी माझी सूचना कार्यकारिणीकडे विचाराधीन आहे. ती जानेवारीपासून विचाराधीन आहे.

दहा वर्षांच्या आतील मुलांना घेऊन जायचे असेल तर ओवळ्याचा आणि गच्चीवरचा कार्यक्रम निवडावा. येऊरला मुले कंटाळतात, आणि मग शांत राहण्याच्या अटीमुळे आईबापांचे हाल होतात. भिंग स्वतःचे न्यावे, कारण मंडळाची भिंगे ओरखडलेली आहेत. बोटीत बसताना शक्यतो मार्गदर्शकाच्या बाजूची जागा धरावी, इंजिनाजवळ एक अक्षर ऐकू येत नाही. आणि खाडीच्या फेरीचे नाव देण्याआधी भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी पाहावी: सकाळच्या बोटीसाठी षष्ठी-सप्तमी किंवा पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचा रविवार चांगला, द्वितीया-तृतीयेला पाणी फार उतरलेले असते आणि एकादशी-द्वादशीला काठोकाठ भरलेले. मंडळाने पुढच्या फेब्रुवारीसाठी जाहीर केलेला रविवार मी ताडून पाहिला. द्वादशी आहे. बारा पाऊण नऊ. उद्या सकाळी फोन करून सांगणार आहे.